खुर्च्या मोजक्याच असतात

पाश्चात्त्य बासरीवादनातील कारकिर्दीवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. एकल वादकांचे यश त्यात छान रंगवले आहे. पण वाद्यवृंदात नोकरी करणाऱ्या बासरीवादकाची वाट त्यात कुठेच दिसली नाही, याची खंत वाटली. मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक ३० च्या आसपास असतात, बासरीवादक मात्र तीन-चारच. त्यामुळे जागा निघते ती बहुधा कुणी निवृत्त झाल्यावर किंवा सोडून गेल्यावर. मग त्या एका जागेसाठी शेकडो उमेदवार येतात. अनेक ठिकाणी पहिली फेरी पडद्याआड होते आणि ठरलेले अवघड तुकडे काही मिनिटांत वाजवून दाखवावे लागतात. वर्षांची मेहनत त्या मिनिटांवर तोलली जाते!

लेखात गौरवलेले जेम्स गॉलवेही १९६९ ते १९७५ बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदात प्रमुख बासरीवादक होते. एकल कारकीर्द त्यानंतर बहरली. शिवाय दुसरी बासरी आणि पिकोलो (उंच स्वरांची छोटी बासरी) वाजवणे ही दुय्यम कामे नव्हेत. पिकोलोचा एक चुकलेला स्वर सगळ्या सभागृहाला ऐकू जातो. या खुर्च्यांवर आयुष्यभर बसणाऱ्यांविषयीही पुरवणीत लिहून यावे, ही विनंती.

– एक संगीतशिक्षक