व्हॅनवाल्या काकांना, मनापासून

काका, नमस्कार.

परवा १ फेब्रुवारी २०२२ ला शाळा परत सुरू झाली. लेक आता तिसरीत आहे, युनिफॉर्म पहिलीतलाच, आखूड झालेला, तोच घालून गेली. नवीन व्हॅन वेळेवर आली, ड्रायव्हरही चांगला वाटला, पण त्याने फोन करून खाली बोलावलं आणि ही दारातच थांबली, म्हणाली, "काकांचा हॉर्न का नाही वाजला?" तुम्ही व्हॅन विकून छोटा हत्ती घेतलाय हे तिला माहीत आहे, पण शाळा म्हणजे तुमचा हॉर्न हेच तिच्या डोक्यात बसलंय. तेव्हापासून मला चैन नाही. तुम्हाला हे व्हॉट्सॲपवर पाठवेनच, पण चार लोकांनी पण वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

मार्च २०२० ला शाळा बंद झाली आणि जूनपासून ऑनलाइन सुरू झालं, ते दिवस आठवले की अजून राग येतो. सगळी मुलं म्यूट, चॅट बंद. जुलैत ऑनलाइन शाळेसाठी केंद्र सरकारच्या प्रज्ञाता सूचना आल्या, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सेशन असं स्पष्ट लिहिलेलं, आमच्याकडे चार व्हायची. पोरं क्लासच्या आधी पाच मिनिटं जॉइन होऊन एकमेकांना पडलेला दात दाखव, मांजर दाखव असं करायची, तर वेटिंग रूम लावून तेही बंद केलं. मी दोनदा फोन केला, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं यांना नुसतं बोलू द्या हो. उत्तर काय, तर पोर्शन मागे पडतोय, बोलायचं असेल तर पालकांनी आपसात बघावं. फीचे मेसेज मात्र एक दिवस चुकले नाहीत. आणि माझी लेक म्यूटवर असतानाच स्क्रीनवरच्या मैत्रिणीच्या चौकोनाशी बोलत बसायची, तिकडून उत्तर येणार नाही हे माहीत असून. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि काय करावं सुचायचं नाही.

मग ऑगस्टमध्ये एक दिवस गेटवर तोच हॉर्न वाजला, दोन छोटे एक लांब. ही मास्क न लावताच गॅलरीत पळाली. खाली तुमची व्हॅन, मागच्या सीट काढलेल्या आणि पुरंदरचा वाटाणा भरलेला. तुम्ही गावाकडून माल आणून विकायला लागलात हे तेव्हा कळलं. खरं सांगते काका, तोवर मी तुम्हाला एक फोन केला नव्हता. व्हॅनचे हप्ते चालू, धंदा शून्य, तुमचं कसं चाललंय हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, याची मला अजून लाज वाटते.

मी एक किलो घेतला आणि तुम्ही वर दहा शेंगा वेगळ्या दिल्यात. "ताई, ह्या छोटीच्या. वडगावच्या तिच्या मैत्रिणीला पण दहाच दिल्यात मोजून. कुणाच्या शेंगेत जास्त दाणे निघतात ते बघायचं, परवा विचारायला येतो."

बास, एवढंच. पण ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. भाजी मिठाच्या पाण्यात घालायचे दिवस होते ते, तेवढाही धीर तिला नव्हता, गॅलरीत पेपर पसरून बसली, एकेक शेंग अंगठ्याने हळू उघडायची, आणि मोठ्यांदा मोजायची. पहिलीत सहा. दुसरीत पाच आणि अळी. सातवीत नऊ निघाले! ते नऊ दाणे तिने खाल्ले नाहीत, कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले. तिसऱ्या दिवशी हॉर्न वाजला तशी वरून ओरडली, "काका, नऊ!" तुम्ही कानाला हात लावून ऐकलंत आणि म्हणालात, "तिकडं आठ निघाले, पण ती म्हणती पुढच्या वेळी बघते तुला." कितीतरी दिवसांनी तिला मैत्रिणीकडून काहीतरी उत्तर आलं होतं. त्या रात्री ती उड्या मारत झोपायला गेली.

त्यानंतर चिठ्ठ्या सुरू झाल्या, वजनकाट्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचात तुम्ही, धायरी, वडगाव, आनंदनगर, व्हॅनमधल्या आठही पोरांच्या. एक मुलगा गावाला गेला होता तर त्याच्या वडिलांचा नंबर घेऊन तुम्ही त्याला चिठ्ठी फोनवर वाचून दाखवलीत. एप्रिल २०२१ मध्ये भाजी सकाळी ७ ते ११ एवढीच विकायला परवानगी, त्यातही तुम्ही थांबला नाहीत, आणि एका पोराचे आजोबा गेले तेव्हा सगळ्यांनी काढलेली चित्रं घेऊन त्याच्या सोसायटीच्या गेटवर गेलात, त्या दिवशी तिथे भाजी विकली नाहीत. हे मला तुम्ही नाही सांगितलंत, त्याच्या आईने सांगितलं.

तुमच्याकडे ना ॲप होतं ना कुणी तुम्हाला हे करायला सांगितलं होतं. पोरांना पोरं लागतात एवढं तुम्हाला कळत होतं कारण तुम्ही त्यांना रोज आरशातून बघायचात, कोण कुणाशेजारी बसतं, कोण रुसलंय. ज्यांच्याकडे सगळं होतं त्यांना ते दिसलं नाही. माणुसकी माणुसकी म्हणतात ती बघायला मला लांब जावं लागलं नाही, ती आमच्या गेटवर येत होती, एक दिवसाआड.

काका, मार्च २०२० ची व्हॅनची फी तुम्ही घेतली नव्हती, अर्धाच महिना झाला म्हणालात. ती पाकिटात घालून ठेवलीय, वर लेकीने तुमची व्हॅन काढलीय, दोन दरवाजे जास्तच काढलेत. रविवारी गाडी घेऊन आलात की घ्यायचं, नाही म्हणायचं नाही. आणि वाटाणा असेल तर दहा शेंगा मोजून वेगळ्या ठेवा.