सच्छिद्र कार्बनच्या बातम्यांतील अर्धा आकडा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

करवंट्या, भाताचे तूस, लाकडाचा भुसा अशा वनस्पतिजन्य टाकाऊ पदार्थांपासून सच्छिद्र कार्बन तयार करून धुरातील कार्बन डायऑक्साइड पकडता येतो, अशा आशयाच्या बातम्या वृत्तपत्रांतून वरचेवर येतात. हे संशोधन खरे आहे आणि मोलाचेही आहे. परंतु एक ग्रॅम कार्बनने किती वायू धरला एवढा एकच आकडा ठळकपणे छापला जातो आणि तो कोणत्या परिस्थितीत मिळाला हे मात्र सांगितले जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हा कार्बन मी प्रयोगशाळेत अनेकदा तयार केला आहे. कच्चा माल नायट्रोजनच्या प्रवाहात तापवून आधी त्याचा कोळसा करायचा, मग त्यात वजनाच्या दुप्पट ते चौपट पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र अल्क मिसळून तो पुन्हा ६०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, ही नेहमीची रीत. त्या उष्णतेत अल्क कोळशाला आतून कुरतडतो आणि मागे राहतात ती डोळ्यांना न दिसणारी छिद्रे. त्यानंतरचे काम मात्र धुण्याचे. तांबडा लिटमस कागद निळा पडायचा थांबेपर्यंत ही काळी भुकटी पुन्हापुन्हा धुवावी लागते, आणि दरवेळी वाहून जाणाऱ्या पाण्यात तो महागडा, दाहक अल्क असतो. तो परत मिळवण्याची सोय केली नाही, तर टाकाऊतून टिकाऊ करताना नवाच टाकाऊ पदार्थ आपण निर्माण करतो.

आता आकड्याविषयी. चांगल्या प्रतीचा असा कार्बन २५ अंश तापमानाला, एक बार (साधारण वातावरणाइतक्या) दाबाच्या शुद्ध आणि कोरड्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ग्रॅममागे सुमारे चार मिलिमोल, म्हणजे पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास वायू धरतो. पण कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या धुरात हा वायू असतो जेमतेम १२ ते १५ टक्के, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटाही तेवढाच. तेवढ्या कमी दाबाला तोच कार्बन साधारण एक मिलिमोल, म्हणजे ४४ मिलिग्रॅम वायू धरतो असे मानले, तर एक टन वायू एका फेरीत पकडायला सुमारे २३ टन कार्बन लागेल. अर्थात तोच माल हजारो वेळा भरून रिकामा करता आला पाहिजे. शिवाय धुरात पाण्याची वाफ असते, गंधकाचे ऑक्साइड असतात, आणि तेही त्याच छिद्रांत जागा अडवतात.

ग्रॅममागे दोन-तीन हजार चौरस मीटर पृष्ठफळ असल्याचे वाचून मन थक्क होते खरे, पण तेही सगळे या कामी येत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूची रुंदी ०.३३ नॅनोमीटर धरतात. छिद्र एक नॅनोमीटरहून अरुंद असेल, तर समोरासमोरच्या दोन्ही भिंती रेणूला ओढून धरतात. रुंद छिद्रांत ही पकड सुटते, आणि मग पृष्ठफळ कितीही वाढले तरी विरळ वायूपुढे त्याचा फारसा उपयोग होत नाही. कच्चा मालही एकसारखा नसतो. भाताच्या तुसात वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख निघते आणि ती बहुतांशी सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक असते; करवंटीत राख अगदी थोडी.

या पदार्थाची खरी थोरवी बातम्यांत क्वचितच येते, याचे मला वाईट वाटते. हा वायू पकडण्याच्या प्रचलित पद्धतीत अमाइन या नायट्रोजनयुक्त संयुगांचे पाण्यातले द्रावण वापरतात; त्यात वायू रासायनिक बंधाने अडकतो आणि तो सोडवताना द्रावणातील पाणीही तापवावे लागते, त्यामुळे पुष्कळ उष्णता खर्च होते. कार्बनवर मात्र तो हलक्या आकर्षणाने बसलेला असतो, त्यामुळे दाब उतरवला किंवा थोडी ऊब दिली की मोकळा होतो. या मार्गावर चिकाटीने काम व्हावे असे मला मनापासून वाटते ते यासाठीच.

तेव्हा माझी विनंती अशी की, पुढच्या वेळी अशी बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी संशोधकांना चार गोष्टी आवर्जून विचाराव्यात: दाब व तापमान किती होते, मिश्रणात वायूचे प्रमाण किती होते, ओलाव्यात काय झाले आणि किती फेऱ्यांनंतर क्षमता किती उरली. सुटलेला वायू पुढे कोठे साठवणार, हेही विचारावे. यातील बरीचशी माहिती शोधनिबंधाच्या तक्त्यांत असतेच. ती आकड्याशेजारी एका ओळीत छापता येईल.

आपला नम्र,
रसायनशास्त्राचा एक अभ्यासक