गाडी चूप होती म्हणून सगळे खूश होते

मिस्त्रीभाऊ, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर लांबलचक काही वाचत नाही, हे ठाऊक आहे. पण तुमची लेक वाचून दाखवेल, आणि दारव्ह्याकडचे चार गाडीवालेही वाचतील, म्हणून इथं उघडच लिहितो.

परवा रात्री साडेअकराला फोन आला, गाय अडली होती. अंगणात आलो, बटण दाबलं, तुम्ही दुरुस्त केलेली मोटारसायकल पहिल्याच दाबात लागली. वर्षभरात पहिल्यांदा मी बटण दाबताना देवाचं नाव घेतलं नव्हतं. वासरू वाचलं. परतताना तुमची इतकी आठवण आली, की घरी येऊन लगेच लिहायला बसलो आणि दोन ओळींवर अडकलो. आज पुरं करतोय.

माझी ही होंडा सीबीआर 250 आर 2012ची. धाकट्यानं पुण्यात कार घेतली आणि ही माझ्याकडे आली. पशुधन पर्यवेक्षकानं गुरांच्या औषधांची पेटी बांधून अशी गाडी फिरवावी, यावर गावानं हसून घेतलंय, त्याचं काही नाही. पण सकाळी लागायला त्रास, चौकात उभी केली की बंद, चढावर दम नाही. जिल्ह्याच्या गावी काचेच्या दाराचं एक गॅरेज आहे, तिथं तीन खेपा झाल्या. प्लग बदलला, बॅटरी बदलली, इंजेक्टर धुतला. 8,500 रुपये गेले. टॅपेटचं, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हवरच्या फटीचं, विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आवाज कुठे येतोय? टॅपेट ओके आहे." चौथ्या खेपेला म्हणाले, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागेल, 18,000 धरून चाला. आत जाऊन बघू का म्हटलं तर पाटीकडे बोट. ग्राहकांना आत प्रवेश नाही.

तुमच्या टिनाच्या शेडपाशी मी योगायोगानंच थांबलो. शकुंतला रेल्वेच्या जुन्या रुळांजवळ गाडी बंद पडली आणि ढकलत आणली. तुम्ही पाना घेतला नाही. कान लावून ऐकलंत आणि म्हणालात, "टॅपेट वाजते तवा भेवाचं काम नाई, डॉक्टर. चूप झाली तवा भ्या."

तेवढं एक वाक्य कळलं नव्हतं म्हणून माझं वर्ष गेलं होतं. व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाची झडप, जिच्यावर टेकतो ती बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, त्याच्या डोक्यावरची फट कमी कमी होत जाते. फट गेली की आवाजही जातो, आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मग कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, कुठून येणार? जळका वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तर बैठकीला टेकूनच थंड होतो. टेकलाच नाही तर जळतो. हे सगळं तुम्ही मला विडी विझवता विझवता सांगितलंत.

आणि मग म्हणालात, गाडी रात्री इथंच ठेवा लागते. मे महिना, यवतमाळ जिल्हा. इंजिन 35 अंशांच्या आत असताना फट मोजायची, असं पुस्तकात लिहिलेलं. आपल्याकडे दुपारी सावलीतली बंद गाडीसुद्धा त्याच्या वर असते! "गरम इंजिनचं माप खोटं निंगते. पायटी करू." माझी शेवटची एसटी गेली होती. तुम्ही शेडबाहेर बाज टाकून दिलीत. डासांनी मला सोलून काढलं, तो भाग वेगळा.

साडेचारला उठलात. लाईट नव्हती, मी टॉर्च धरला. एका एक्झॉस्टच्या, म्हणजे जळका वायू सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, फटीत मापाची 0.05 मिलिमीटरची सगळ्यात पातळ पत्तीही शिरेना. तुम्ही शिव्या दिल्या नाहीत, कुणाच्या नावानं खडेही फोडले नाहीत. हेडला हात लावायची गरजच नव्हती. या इंजिनात व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर बाजूला सारून शिम, म्हणजे फट ठरवणारी छोटी चकती, निघते; रॉकर हलवणारा कॅमसुद्धा काढावा लागत नाही. शिमा नागपूरहून यायला तीन दिवस लागले, पुन्हा एक पहाट गेली, ते सोडा.

मला सांगायचंय ते त्या दुसऱ्या पहाटेचं. शिमा बसल्या, तुम्ही मोजलंत, मान हलवलीत. झाकण लावाल असं वाटलं. पण तुम्ही तुमच्या फडक्याचा स्वच्छ कोपरा शोधून माझ्याकडे दिलात. "हात पुसा अन् पत्ती धरा." 0.25ची पत्ती मी आत सरकवली. ती गेली, पण कुणीतरी पलीकडून दोन बोटांत धरल्यासारखी, जरा ओढत. मग 0.30ची दिलीत. ती तोंडाशीच अडली. "फट या दोघींच्या मधात आहे. तुमी गाय हातानं तपासता ना? तसंच आहे हे. डोयानं नाई दिसत, हाताले समजते."

मिस्त्रीभाऊ, बावीस वर्षं मी गायी तपासतोय. माझ्या कामाला असं कुणी आपल्या कामाशेजारी बसवलं नव्हतं. आणि माझेच पैसे घेऊन मला दाराबाहेर उभं करणाऱ्यांनंतर तुम्ही इंजिन उघडं ठेवून म्हणालात, बघा. पटलं तरच झाकतो. मजुरी तुम्ही रोखठोक मागून घेतलीत, तेही बरं वाटलं. फुकट केलं असतंत तर मला पुन्हा यायला संकोच वाटला असता.

आता माझंही एक कबूल करतो. शेतकऱ्याला "तुम्ही जरा तिकडे थांबा" असं मीही म्हणत आलोय. गेल्या मंगळवारी एका म्हातारीच्या गाईला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली होती. मी म्हातारीचा हात धरून कासेवर ठेवला, आधी चांगल्या सडावर, मग कडक झालेल्या. ती म्हणाली, "हे तर मले आधी कोणी सांगतलंच नाई."

चारही व्हॉल्व्हची मापं तुम्ही सरकीच्या पाकिटावर लिहून सीटखाली ठेवलीत, ती तिथंच आहेत. दिवाळीनंतर पुन्हा तपासायला येतो. आदल्या संध्याकाळीच येईन. मच्छरदाणी माझी माझी आणतो.

तुमचा,
गाडीवाला डॉक्टर