बर्फात पहिल्यांदा जाताय? परतायची वेळ घरीच ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर आला की तुमच्या पुरवणीत बर्फातल्या सहलींचे फोटो येतात, बघायला छान वाटतं, पण दरवेळी एक गोष्ट राहून जाते म्हणून हे पत्र लिहितेय. मी मूळची नाशिकची, सध्या सिएटलजवळ रेडमंडला राहते. आपल्याकडचे कितीतरी आईबाबा हिवाळ्यात मुलांकडे इकडे येतात आणि मग 'यावेळी बर्फ दाखवूया' म्हणून आजी-आजोबा, नातवंडं सगळे गाडीत बसून डोंगरात निघतात, आणि तयारी काय तर जीन्स, स्पोर्ट शूज आणि एक जाड जाकीट. आमचीही पहिली ट्रिप अशीच होती.

आम्ही गेलो होतो इथल्या माउंट रेनियर या बर्फाळ डोंगरावरच्या पॅराडाइजला. ही जागा ५,४०० फुटांवर आहे, म्हणजे बरोब्बर आपल्या कळसूबाईएवढी. माझे सासरे तर कळसूबाई तीनदा चढलेत, त्यामुळे उंची ऐकून सगळे निर्धास्त. पण तिथे वर्षाला सरासरी १६ मीटर बर्फ पडतो, १९७१-७२ च्या हिवाळ्यात तर २८ मीटरच्या वर पडला होता, आणि असल्या बर्फात साध्या बुटांनी पाऊल टाकलं की माणूस मांडीपर्यंत आत जातो. स्नोशू, म्हणजे बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, घातले की वजन पसरतं, चार बोटं रुततं आणि पुढे जाता येतं. खाली लोखंडी दात असतात त्यामुळे घसरायलाही कमी होतं. चालायला शिकवावं लागत नाही, पाय जरा फाकवून टाकायचे एवढंच, दहा मिनिटांत सहा वर्षांची पोरगीही चालायला लागली. आणि सोपं वाटतं म्हणूनच माणूस पुढे पुढे जात राहतो.

निघालो १ वाजता. 'अजून थोडं, त्या वळणापर्यंत' असं करत करत ३ कधी वाजले कळलंच नाही. डिसेंबरात इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. मुलगी मघापासून एकदम गप्प झाली होती, मला वाटलं दमली असेल. तिच्या हातात आजीनं विणलेले लोकरीचे मोजे होते, त्यावर बर्फाचे साबुदाण्याएवढे गोळे चिकटले होते, आणि हाताच्या उबेनं ते आतून वितळून मोजा पार ओला झाला होता. काढून बघितलं तर बोटांची टोकं पांढरी पडलेली. गाडीत बसल्यावर माझ्या काखेत तिचे हात धरले, बोटांत रक्त परत यायला लागलं तशी ती कळवळून रडली. सासूबाई तेव्हापासून ते मोजे कपाटातून काढू देत नाहीत.

लहान मुलांना थंडी वाजली की ती सांगतातच असं नाही, ती गप्प होतात. हे सगळ्या आयांनी आणि आज्यांनी लक्षात ठेवावं म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता आम्ही उलट्या बाजूनं प्लॅन करतो. कुठे जायचं ते नंतर, आधी परत कधी फिरायचं ते ठरतं. घरातला सगळ्यात हळू चालणारा माणूस धरायचा, आमच्याकडे कधी मुलगी कधी सासूबाई, आणि सह्याद्रीत जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट धरायचा. म्हणजे पहिल्यांदा दोन किलोमीटर खूप झाले. पॅराडाइजलाच निस्क्वाली व्हिस्टा नावाची सव्वा मैलाच्या आतली गोल वाट आहे, चढ फारसा नाही, नवख्या कुटुंबाला पुरे. आणि वेळ झाली की फिरायचं, समोर दोनशे पावलांवर कितीही सुंदर दिसत असलं तरी.

कपड्यांबद्दल एकच सांगते, इकडचा बर्फ ओला आणि जड असतो, त्याला इथले लोक इथल्या कॅस्केड डोंगररांगेवरून कॅस्केड काँक्रीट म्हणतात. थंडी शून्याच्या आसपासच असते पण माणूस भिजतो, आणि सुती कपडा एकदा भिजला की वाळत नाही, अंगाला चिकटून ऊब काढून घेतो. म्हणून जीन्स नको, आतला सुती बनियनही नको. वरून पाणी न शिरणारे हातमोजे, प्रत्येकाचे दोन जोड. स्नोशू विकत घ्यायची गरज नाही, भाड्यानं मिळतात, फक्त साइज वजनावर असते आणि त्यात पाठीवरच्या सॅकचं वजनही धरायचं, हे दुकानात सांगा. खायला भरपूर न्या, पण पाकातले तिळाचे लाडू गारठून दगडासारखे होतात, आजीचे दात सांभाळा, त्यापेक्षा मेथीचे ठेपले आणि थर्मासमध्ये चहा.

गाडीचंही सांगायला हवं. रेनियर पार्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे प्रत्येक गाडीत टायरच्या चेन असायलाच लागतात, फोर व्हील ड्राइव्ह असली तरी. आणि निघायच्या सकाळी रस्त्याच्या स्थितीबरोबर नॉर्थवेस्ट अव्हलांच सेंटरचा हिमलोटाचा (डोंगरावरून घसरत येणाऱ्या बर्फाचा) अंदाज वाचायचा. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, तिसरी मधली दिसते म्हणून लोकांना ठीकठाक वाटते, पण तेव्हा माणसाच्या चालण्यानंही हिमलोट सुटू शकतो. ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे, आणि तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावर असा उतार असेल तर तो खाली तुमच्यापर्यंत येतो. अशा दिवशी आम्ही जातच नाही, घरी मिसळ करतो.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या हिवाळ्यात बर्फाचे फोटो छापाल तेव्हा शेजारी चार ओळी याच्याही छापा. नाशिक-पुण्याहून पहिल्यांदा येणारे आजी-आजोबा तुमचाच पेपर वाचून बॅग भरतात.

सासू-सासरे यंदा परत आलेत. रविवारी पार्किंगमध्ये गाडीखाली पोतं अंथरून सासऱ्यांनी चेन लावायचा सराव केला, पहिल्यांदा पाऊण तास, दुसऱ्यांदा वीस मिनिटं. शनिवारी निघायचंय. फ्रीजवर कागद लावलाय, 'परत फिरणे १२:३०', मुलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय.

आपली,
एक वाचक
रेडमंड, वॉशिंग्टन