मिस्त्रीमामा, खिळे अजून भिंतीतच आहेत

मिस्त्रीमामांना हॉल समितीचा सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतरची पहिली दोन लग्नं हॉलमध्ये पार पडली. नैऋत्येच्या खिडकीखालची भेग भरून आता महिना झाला, तिथं केसाएवढीही रेघ नाही. तुम्हाला फोन केला तर तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता, आभार ऐकूनच घेत नाही. म्हणून हे उघड पत्र. गावानंही वाचावं आणि शेजारच्या गावांनीही, कारण काळ्या मातीवर उभे असलेले असे हॉल सीना नदीकाठी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच भिंतींवर तीच तिरकी रेघ आहे.

तुमच्या आधी तिघं येऊन गेले. एकानं लांबूनच फोटो काढले. दुसऱ्यानं भेगेत सिमेंट कोंबलं. तिसऱ्यानं तेच केलं आणि वर रंग मारला. तिघांनीही काम मार्चअखेर केलं, कारण पैसे तेव्हाच खर्च व्हायला हवे होते. हॉलची कोनशिला मात्र पहिल्या दिवसासारखी शाबूत आहे, तिला कधी तडा गेला नाही.

मार्चअखेरीच्या त्या कामातच सगळी गोम होती, हे तुम्ही दाखवलंत. भिंतीपासून चार फुटांवर तुम्ही खड्डा घ्यायला लावला. सात फुटांपर्यंत काळी माती, मुरूम त्याच्या खाली. पाया मात्र साडेतीन फुटांवरच थांबवलेला, म्हणजे मुरमाला टेकलाच नव्हता. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ते आपण जन्मभर बघतो, पण त्याच मातीवर भिंत उभी आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. हॉलच्या मधल्या भागातली माती छपराखाली असते, तिच्यात ऋतूगणिक फारसा बदल होत नाही. कडेची माती पावसात फुगून भिंत उचलते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खाली सोडते. मार्च ते मे भेग सगळ्यात रुंद असते. नेमकी तेव्हाच ती कडक सिमेंटनं भरली तर पावसाळ्यात मिटायला तिला जागा उरत नाही, आणि भिंत शेजारी नवा तडा देते. आमच्याकडे एकाच्या तीन भेगा झाल्या त्या अशा.

भर घातली ती वळचणीनं. पत्र्याला पन्हळच नव्हती. चाळीस बाय साठचा हॉल, म्हणजे २४०० चौरस फूट छप्पर. एक इंच पाऊस झाला की साडेपाच हजार लिटरहून जास्त पाणी, आणि त्या सगळ्या पागोळ्या थेट जोत्याच्या बुडाशी. शिवाय हात धुवायचे नळ नैऋत्येच्या कोपऱ्यालाच. त्यांना गटार नव्हतं, प्रत्येक पंगतीचं पाणी तिथंच मुरायचं. आणि पंधरा फुटांवर नीलगिरी, जी उन्हाळ्यात त्याच कोपऱ्यातली ओल शोषून घ्यायची. एकाच कोपऱ्याला आधी पाजायचं, मग तहानलेलं ठेवायचं, असा खेळ वर्षानुवर्षं चालला होता.

हे सगळं तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. हवं असतं तर त्याच दिवशी अंदाज लिहून दिला असता आणि आम्ही मान डोलावली असती, एवढे आम्ही टेकीला आलो होतो. पण तुम्ही म्हणालात, वर्षभर एक रुपयाही खर्च करू नका. आणि पिशवीतून दोन पोलादी खिळे काढले.

आम्हाला आठवतं ते हेच. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकला, दोघांत बरोबर १०० मिलिमीटर अंतर. भिंतीवर पेन्सिलीनं तारीख आणि आकडा लिहिला. मग सरपंच, ग्रामसेवक, समितीचे सभासद असे सगळे उभे असताना तुम्ही ती पेन्सिल आणि स्टीलची पट्टी दिली ती हॉल झाडणाऱ्या मावशींच्या हातात. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला मोजायचं, सकाळी, ऊन चढायच्या आत. पट्टी एका खिळ्याच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत धरायची, टोप्या बघायच्या नाहीत. तुम्ही त्यांच्याकडून तीनदा मोजून घेतलं. तिसऱ्यांदा त्यांचा आकडा तुमच्या आकड्याशी जुळला तेव्हाच उठलात.

मावशी ती भिंत रोज बघतात. पहिल्या तिघांपैकी एकानंही त्यांना विचारलं नव्हतं की बाई, ही भेग कधी वाढते. त्यांना माहीत होतं. नागपंचमीच्या सुमाराला बारीक होते, शिमग्यापासून उघडते, हे त्यांनी तुम्हाला तिथंच सांगितलं आणि तुम्ही ते लिहून घेतलं. खिळ्यांतलं अंतर सप्टेंबरअखेर ९६ मिलिमीटर, पुढच्या मे महिन्यात १०१. आकड्यांनी मावशींचं बोलणं खरं केलं. मामा, स्वतःला काम हवं असताना 'आत्ता काम काढू नका' म्हणणारी माणसं आजकाल किती उरली आहेत? आणि ज्या बाईला सगळे 'जरा बाजूला सरक' म्हणतात तिच्याच हाती मोजपट्टी देणारी तर त्याहून कमी.

पुढचं काम थोडक्यात लिहितो, कुणाला उपयोगी पडेल. भिंतीला हात लावण्याआधी पाणी आवरलं. दोन्ही बाजूंना साठ फूट पन्हळ, दहा फुटाला एक इंच उतार, प्रत्येक बाजूला चार इंची दोन पाइप आणि त्यांचं पाणी पक्क्या गटारातून लांब. भोवतीनं पाच फूट रुंदीची फरसबंदी, खाली मुरूम धुम्मस करून, वर चार इंच काँक्रीट, बाहेर अडीच इंच उतार. दर सहा फुटांवर सांधा. भिंत आणि काँक्रीट यांच्यात अर्धा इंच फट, ती डांबर आणि वाळूनं भरलेली, कारण दोघांची हालचाल वेगळी. हे डांबर दर दोन वर्षांनी बघायचं, फट उघडी राहिली की फरसबंदी असून नसल्यासारखी.

नीलगिरी तोडायची म्हणून आम्ही कुऱ्हाड घेऊनच बसलो होतो. तुम्ही थांबवलंत. झाड एकदम गेलं की मुळांनी वाळवलेली माती पुन्हा ओल धरते आणि कोपरा वर उचलते. म्हणून फक्त एक तृतीयांश फांद्या छाटल्या, उरलेलं पुढच्या वर्षी.

आतली जमीन मधोमध फुगली होती, ती उकरून दोन फूट काळी माती काढली. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी आणि ठोकणी. खाली नुसती वाळू भरायचा स्वस्त सल्ला एकानं दिला होता; वाळूत पाणी साठतं आणि खालची माती ते पीत राहते, म्हणून तुम्ही तो उडवून लावलात. वर शहाबादी फरशी, दोन बाय दोनची, भिंतीपासून अर्धा इंच सुटी. एका माणसाला एक फरशी, दोन ओळींत वाढप्यासाठी तीन फूट वाट, अशा आठ ओळी. एका पंगतीला २०० पानं खडूची रेघ न मारता सरळ बसतात. आचारी लोकांना हे फार आवडलंय.

एक पावसाळा जाऊ दिला. खिळ्यांतल्या अंतराचा फरक एका मिलिमीटरच्या आतच राहिला. मग भेगेला इंचभर खाच पाडून, धूळ धुऊन, दोन्हीकडे सहा-सहा इंच कोंबडीजाळी ठोकून गिलावा केला, सिमेंट कमी आणि थोडा चुना घालून. दहा दिवस ओलं गोणपाट.

नळ आता पूर्वेला, हॉलपासून पंचवीस फुटांवर. गटाराच्या तोंडाशी जाळी आहे. भाताची शितं आणि तेलकट पाणी अडलं की दुसऱ्या पंगतीला सगळं तुंबतं, म्हणून प्रत्येक पंगतीनंतर ती झाडायची, हा नियम भाड्याच्या कागदावरच छापलाय. चुलवणही भिंतीपासून दूर नेलं. काहींनी कुरकुर केली, करू दे.

मावशींची भेगेची वही आता हॉलची वही झाली आहे. उलट्या बाजूनं विजेच्या मीटरचा आकडा, कार्यक्रमाआधीचा आणि नंतरचा. पातेली, पराती, सतरंज्या मोजून दिल्याची आणि मोजून घेतल्याची नोंद. अनामत रक्कम त्यांनी सही केल्याशिवाय परत मिळत नाही. गेल्या लग्नात दोन पराती कमी भरल्या, पाहुण्यांच्या टेंपोतून परत आल्या. दहाव्या-तेराव्याला भाडं घेत नाही, पण वही तेव्हाही भरली जाते.

रंगाऱ्यानं खिळे उपटायला पक्कड काढली होती. मावशींनी त्याला शिडीवरून खाली उतरवलं. खिळ्यांभोवती वीतभर भिंत रंगाविना तशीच आहे, पेन्सिलीच्या तारखा दिसतात. खिळ्यांना गंज धरू नये म्हणून मावशी थोडं खोबरेल लावतात. चालतं का ते कळवा.

हुरड्याला या. मालदांडीची कणसं निसवली आहेत, पंधरा-वीस दिवसांत भरतील, शेंगाचटणी घरची आहे. फक्त गाडी उत्तरेच्या दारानं आणू नका. तिथली राहिलेली वीस फूट फरसबंदी काल टाकली, पाणी मारणं चालू आहे.

आपले,
हॉल समिती आणि मावशी