माल्टिपू घरी आणण्याआधी

कोल्हापूर,
२० मे

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

वहिनींनी आणि मुलांनी माल्टिपू आणायचं पक्कं केलंय, हे कळलं. फोनवर चार गोष्टी सांगितल्या की दोन निसटतात, म्हणून सविस्तर लिहितोय. वहिनींनाही वाचायला दे.

माल्टिपू म्हणजे माल्टीज आणि टॉय किंवा मिनिएचर पूडल या छोट्या जातींच्या कुत्र्यांचा संकर. केनेल क्लब ऑफ इंडियात त्याची जात म्हणून नोंद होत नाही, त्यामुळे ‘पेपरवालं’, म्हणजे जातीच्या नोंदणीचा कागद असलेलं माल्टिपू म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर तिथून उठ. संकर असल्यामुळे एकाच विणीतली दोन पिल्लंही सारखी निघत नाहीत. एकाचे केस रेशमी आणि सरळ, दुसऱ्याचे दाट कुरळे. वाढल्यावर वजन साधारण अडीच ते सहा किलोच्या दरम्यान कुठेही जातं. पिल्लाची आई समोर बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

एक गैरसमज आधी काढून टाक. केस कमी गळतात म्हणजे ॲलर्जी होत नाही, असं नाही. ॲलर्जी येते ती लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. धाकटीला दम्याचा त्रास आहे ना? मग ठरवण्याआधी तिला दोन-तीन वेळा माल्टिपूंजवळ तासभर बसू दे.

स्वभाव गोड आणि अतिशय माणूसवेडा. हा कुत्रा बाल्कनीत बांधायचा नाही. पूडलची हुशारी असल्यामुळे ‘बस’, ‘थांब’ आठवड्यात शिकेल, पण भुंकलं की दार उघडतं हेही तितक्याच लवकर शिकेल. तुम्ही दोघं नोकरीला आणि मुलं शाळेत, म्हणून एकटं राहायची सवय पहिल्या आठवड्यापासूनच लाव. चप्पल घाल, किल्ल्या उचल आणि परत खुर्चीत बस. दिवसातून पाच-सहा वेळा असं केलंस की किल्ल्यांच्या आवाजाचा धसका जातो. मग दोन मिनिटं बाहेर, मग पाच, मग पंधरा. ते ओरडायला लागण्याआधी आत ये. ओरडलं तर वेळ फार लवकर वाढवलीस असं समज आणि एक पायरी मागे जा. गणपतीत डॉल्बीचा दणका सुरू झाला की आतल्या खोलीत, पंखा लावून, कुणीतरी जवळ बसायचं.

आता केस. खरी मेहनत इथेच आहे, आणि बहुतेक घरं इथेच कमी पडतात. गळालेला केस खाली न पडता उरलेल्या केसांत अडकतो, म्हणून गुंता होतो. रोज दहा मिनिटं लागणारच. स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) आणि स्टीलचा कंगवा घे. आधी पाण्याचा हलका फवारा मार. मग एका हाताने केसांचा थर वर धरून, खालून एकेक रांग सोडत, कातडीपासून टोकापर्यंत ब्रश फिरव. ब्रश दाबू नकोस, कातडी सोलवटते. स्वतःच्या मनगटावर फिरवून बघ, म्हणजे जोर किती ते कळेल. शेवटी कंगवा. तो मुळापासून न अडता निघाला तरच काम झालं. वरवर मऊ दिसणाऱ्या केसांखाली कानामागे गुंत्याचा घट्ट नमदा झालेला असतो. कानामागे, काखेत आणि पट्टा घासतो तिथे बोटं घालून चाचपायची. गाठ लागली तर मुळाशी चिमटीत धर आणि टोकाकडून सोडव.

गुंता काढल्याशिवाय अंघोळ घालू नकोस. ओल्या गाठी वाळताना आवळतात. अंघोळ दोन-तीन आठवड्यांनी पुरे, पण ड्रायरच्या कोमट हवेने मुळापर्यंत वाळव. आठ-बारा महिन्यांच्या सुमारास पिल्लाचे केस बदलतात, तेव्हा गुंता दुप्पट होतो. दर सहा आठवड्यांनी कटिंग कर, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात केस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच ठेव. लोंबत्या कानात ओल साचून बुरशी धरते. आठवड्याला कान हुंगून बघ, आंबूस वास आला तर डॉक्टर.

खाणं थोडं पण वेळेवर. लहान पिल्लात रक्तातली साखर एकदम उतरते. लटपटलं, मलूल पडलं तर हिरड्यांना मध चोळून तडक डॉक्टरकडे. चार महिन्यांपर्यंत चार वेळा, सहापर्यंत तीन वेळा, पुढे दोनदा. वाढलेल्या चार किलोच्या कुत्र्याला कोरडं खाणं दिवसाला ८० ते ९० ग्रॅम पुरतं. रस्सा मात्र कणभरही नको. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपला मसाला तर त्याचाच. मनुका-द्राक्षंही नकोत, मूत्रपिंड निकामी होतं.

गळ्यात पट्टा नको, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घाल. या कुत्र्यांची श्वासनळी नाजूक असते. चालताना मध्येच एक मागचा पाय उचलून उड्या मारत असेल तर गुडघ्याची वाटी सरकतेय, दाखवून घे. सोफ्यावरून उडी मारू देऊ नका, पुढच्या पायाची हाडं काडीसारखी असतात. सहा-सात महिन्यांत दुधाचा सुळा न पडता नवा शेजारी आला तर तो काढावा लागतो. दात रोज घास, पण माणसाची पेस्ट नको.

लसी सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची तीन महिन्यांनंतर. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस आवर्जून मागून घे. पंचगंगा पात्राबाहेर आली की साचलेल्या पाण्यातून तो आजार पसरतो. गोचिडांचं औषध वर्षभर चालू ठेव आणि रंकाळा तलावावरून फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या बघ.

पिल्लू शुक्रवारी संध्याकाळी आण, म्हणजे दोन दिवस घरात माणूस असेल. आधीचं खाणं कुठलं ते विचारून तेच आठवडाभर दे, नंतर हळूहळू बदल. कंगवा आधीच आणून ठेव आणि पहिल्याच दिवशी दोन मिनिटं फिरव.

तुझाच,
विजय