‘संक्षिप्त’ असेल तर मुखपृष्ठावर तसे छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकच्या वाचनकट्ट्यांवर व्हिक्टर ह्यूगोची ‘ला मिझराब्ल’ (1862) अधूनमधून चर्चेला येते. हाती पडते ती मात्र बहुधा दोन-तीनशे पानांची आवृत्ती. मूळ कादंबरीचे पाच भाग, 48 खंड आणि 365 प्रकरणे आहेत. संक्षेपाला आमचा विरोध नाही. नाशिकच्याच तुरुंगात 1933 साली ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींनी ही कादंबरी ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली, तेव्हा रूपांतराची परंपरा आपल्याकडे चांगलीच आहे. तक्रार आहे ती कात्री कुठे चालते याबद्दल. वॉटर्लूच्या लढाईबरोबर पैशाचे आकडेही कापले जातात आणि उरते ती बिशपने चोराला सुधारल्याची गोष्ट.

कादंबरीतल्या फाँतिन या कामगार बाईचा हिशेब घ्या. एका फ्रँकचे सू 20. कारखान्यातून काढल्यावर ती पलटणीसाठी जाडेभरडे सदरे शिवते, रोजचे 12 सू. मुलगी कोझेत थेनार्दिए नावाच्या खाणावळवाल्याकडे ठेवलेली. सुरुवातीला महिना 7 फ्रँक घेणारा हा गृहस्थ एव्हाना 15 मागू लागलेला. केस 10 फ्रँकला जातात, मुलीच्या खोट्या आजारपणापायी पुढचे दोन दात 40 फ्रँकला. त्यानंतर तुरुंगातल्या कामाचा एक ठेकेदार कैद्यांकडून स्वस्तात काम करून घेऊ लागतो आणि शिलाईचा दर पडतो: 17 तासांचे 9 सू. तीसही दिवस सुई चालवली तरी साडेतेरा फ्रँक. भाडे, सरपण, पोट वेगळेच. अशात थेनार्दिए 100 फ्रँक मागतो आणि ती रस्त्यावर उभी राहते. केस आणि दात सगळ्यांच्या लक्षात राहतात. ठेकेदाराचे ते एक वाक्य कापले की दोष थेट तिच्या नशिबाकडे जातो.

तिला काढले ते ज्याँ वाल्ज्याँच्या, म्हणजे बिशपने सुधारलेल्या त्याच चोराच्या कारखान्यातून, त्याच्याच नावाने, हातावर 50 फ्रँक टेकवून. त्याला पत्ताही नव्हता. बायकांच्या विभागात तो फिरकतच नसे, सगळा कारभार देखरेखीच्या बाईवर सोपवलेला. हे गाळले तर पुढे कोझेतसाठी तो जे करतो ते निव्वळ दया ठरते. पाव चोरल्याची 5 वर्षे, पळण्याच्या प्रयत्नांची 14, अशी 19 वर्षे भोगून सुटताना त्याच्या हिशेबाने 171 फ्रँक यायला हवे होते. मिळाले 109 फ्रँक 15 सू. त्याच्याही मजुरीला अशी कात्री लागलेलीच होती.

मूळ कादंबरी पूर्ण वाचायची तर आठवड्याला एक खंड धरावा, वर्षाच्या आत संपते. लोक गळतात ते दोन ठिकाणी. पहिल्याच खंडात 14 प्रकरणे बिशपची आहेत. तिथे त्याच्या 15,000 फ्रँक पगाराची वाटणी जरूर वाचावी, स्वतःसाठी तो फक्त 1,000 ठेवतो. दुसरा भाग वॉटर्लूच्या 19 प्रकरणांनी उघडतो. कंटाळा आला तर पहिली 18 मागे ठेवा, एकोणिसावे सोडू नका. प्रेते लुटणारा थेनार्दिए तिथेच भेटतो. पॅरिसच्या गटारांचा इतिहास मात्र खुशाल नंतर वाचावा. आणि व्याख्यानांतून अजूनही सांगितले जाते तसे कादंबरीतले बॅरिकेड, म्हणजे बंडखोरांनी रस्त्यात रचलेला अडथळा, 1789च्या क्रांतीतले नव्हे, जून 1832च्या फसलेल्या उठावातले आहे.

प्रकाशकांनी मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ हा शब्द ठळक छापावा आणि शहरातील वाचनालयांनी आपल्या सूचीत तशी नोंद करावी, एवढीच विनंती. घेताना वाचकाला स्वतःही पडताळता येईल: पहिल्या भागाचा पाचवा खंड उघडून शिलाईचा दर 12 वरून 9 सू झालेला सापडतो का, ते पाहावे.

– काही वाचक, नाशिक